कर्नाळा : गडाचा पहारा आणि रानाचा पहारा

आफ्रिकेंतील वन्य पशूंचीं आणि तेथील अफाट रानांचीं वर्णनें आपण मोठ्या आवडीनें वाचतों. दक्षिण आफ्रिकेंत १९२६ सालीं स्थापन झालेलें क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारें १९,५०० चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. तेथें मोटारींत बसून सिंह आणि हत्ती पाहतां येतात. आपल्या पनवेलच्या दक्षिणेचें कर्नाळा पक्षी-अभयारण्य आहे अवघें १२.११ चौरस किलोमीटर. परंतु त्याचा इतिहास ध्यानांत घेण्याजोगा आहे.

कर्नाळ्याचा किल्ला महत्त्वास चढला तो वाटेमुळें. बोरघाटांतून पनवेल आणि आपटें येथील खाड्यांकडे जाणारा हमरस्ता त्याच्या नजरेखालीं होता. म्हणून निजामशाही आणि पोर्तुगीज यांनीं त्यासाठीं झुंज घेतली. शिवछत्रपतींनीं १६७० सालीं तो जिंकला. पुढें मोंगल व पेशवे यांच्या हातीं जाऊन १८१८ सालीं तो कर्नल प्रॉथरनें इंग्रजांसाठीं घेतला. जवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते.

गडावरचा पहारा उठला. माथ्यावरील सुळक्यांत आतां मधमाश्यांचीं पोळीं लटकतात. १९६८ सालीं पायथ्याचें रान पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें आणि २००३ सालीं त्याची हद्द वाढविण्यांत आली. येथें दीडशेंहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. पावसाळ्यांत शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्याकांठीं घुमते, तर हिंवाळ्यांत दूरदेशींचे पाहुणे पक्षी उतरतात. आफ्रिकेचें माळरान डोळ्यांनीं पाहावयाचें. कर्नाळा मात्र आधीं कानांनीं ऐकावयाचा.

आणि येथेंच खरी अडचण आहे. मुंबई-गोवा महामार्ग या रानाच्या मधूनच जातो. पक्षी हांक देऊन जोडीदार शोधतात, पिलांना धोक्याची सूचना देतात. वाहनांच्या गोंगाटांत ती हांक बुडून जाते. क्रूगरमधील प्राण्याला रस्त्यापासून कोसचे कोस दूर जातां येतें. कर्नाळ्याच्या पांखरांनीं जावें कोठें?

म्हणून कर्नाळ्यास जाल तेव्हां पहांटे जा, पायीं हिंडा आणि मुकाट्यानें ऐका. वाटेवरून नुसते जाणार असाल, तर त्या टप्प्यांत गाडी सावकाश हांका व भोंगा वाजवूं नका. पूर्वीं गडाचे शिपाई वाटेवर पहारा ठेवीत. आज त्याच वाटेपासून रान सांभाळावयाचें आहे, आणि तो पहारा तुम्हां-आम्हांकडे आलेला आहे.