संगमरवर, मीठ आणि जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण मराठीत फार सहजपणे वापरतो. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आमच्या बीड जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि त्या वाक्यात कोणाला काही खटकत नाही. खटकण्याचे कारणही नाही. देवालयाचे प्रयोजन पूजा हे आहे. शिळा बदलली तरी पूजा चालू राहते. परंतु हाच शब्द राहत्या घराला, आणि त्यातही घराच्या जमिनीला लावला की त्याचा अर्थ डळमळू लागतो. जीर्ण झाले त्याचा उद्धार करायचा म्हणजे नेमके काय करायचे? जीर्णपण काढून टाकायचे, की जीर्ण झालेले जपायचे?

किनारपट्टीवरील जुन्या घरांतील संगमरवरी फरश्यांच्या संदर्भात हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. समुद्रापासून इतक्या दूर, जेथे वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर चांगले साल म्हणतात, तेथील मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. याची दोन कारणे आहेत. आमच्या जुन्या वाड्यांतून आणि शाळांच्या वर्गांतून जी शहाबादी फरशी आहे ती संगमरवराची सख्खी बहीण आहे, हे एक. शहाबाद भीमेच्या खोऱ्यातले. निजामाच्या राज्यात ते आणि आम्ही एकाच सत्तेखाली होतो. तेथला दगड म्हणजे चुनखडक, आणि चुनखडक भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटला की संगमरवर होतो. दोहोंचे द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. दुसरे कारण आमच्या व्यवसायाचे आहे. ते पुढे येईल.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘संगमरवर’ हा फारसीतील ‘संग-ए-मर्मर’. त्यातील ‘मर्मर’चे नाते ग्रीक ‘मार्मारोस’शी आहे, तेथूनच लॅटिनमार्गे पोर्तुगीज ‘मार्मोरे’ आणि इंग्रजी ‘मार्बल’ आले. संस्कृतातील सुकल्या पानांच्या ‘मर्मर’ ध्वनीशी त्याचा काही संबंध नाही, जरी विद्यार्थी उत्तरपत्रिकांतून तो हौसेने जोडतात. ‘फरशी’चे मूळ ‘फर्श’, म्हणजे पसरलेले, अंथरलेले. जमिनीवर दगड ‘बसवतात’ असे आपण आज म्हणतो. शब्दाच्या पोटात मात्र तो सतरंजीसारखा अंथरलेला आहे. ही प्रतिमा शास्त्रदृष्ट्याही अधिक खरी आहे, कारण फरशीचे आयुष्य तिच्या खाली काय अंथरले आहे यावरच ठरते.

कोकण-गोव्याच्या घरांची मूळ जमीन शेणाने सारवलेली, किंवा चुन्याचा कोबा घोटून केलेली. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि भाजलेल्या मातीच्या लाद्या किनाऱ्यावर पसरल्या. १९२२ मध्ये मुंबईत स्वदेशीच्या भावनेतून सिधवा कुटुंबाने ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ सुरू केली आणि रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत आल्या. संगमरवर मात्र या सर्वांहून निराळा. तो मातीतून उगवलेला नव्हता आणि कारखान्यातही घडलेला नव्हता. तो बंदरातून आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर इटलीतील कॅरारा येथला दगड मुंबईच्या जवळ आला. तो घरात अंथरणे म्हणजे आपले नाते समुद्रापलीकडे आहे असे सांगणे होते. गोव्यात साष्टीतील चांदर येथे मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाच्या विस्तीर्ण घरात नृत्याच्या दालनाला इटालियन संगमरवर आहे आणि वर बेल्जियमची झुंबरे. पोर्तुगीज राजवटीवर परखड लिहिणारे लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घराण्यातले. चांदर अगदी समुद्राला लागून नाही, पण तेथील हवा किनाऱ्याचीच.

रत्नागिरीतील थिबा राजवाड्याचे उदाहरण अधिक बोलके, आणि थोडे करुणही आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेहून उचलले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. पुढची चोवीस वर्षे तो इतरांच्या बंगल्यांतून राहिला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. त्यात पहिल्या मजल्यावर नृत्याचे दालन आहे, आणि त्याला संगमरवरी फरशी आहे. मंडालेचा राजवाडा सागवानी लाकडाचा होता. लाकडावर अनवाणी चालत वाढलेल्या राजाला त्याच्या कैद्यांनी नव्हे, कैद करणाऱ्यांनी हा थंडगार पांढरा दगड दिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तेथेच वारला. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) वाचलेल्या विद्यार्थ्यांना ही कथा परिचित आहे. मात्र त्या वास्तूत जाणाऱ्याने खिडक्यांबरोबर जमीनही पाहावी, असे आम्ही सुचवू. संगमरवर हा तेथे वैभवाचा पुरावा नसून वैभवाच्या बदल्यात दिलेली वस्तू आहे.

आता हा दगड किनाऱ्यावर कसा झिजतो ते पाहिले पाहिजे, कारण खरा गुंता तेथे आहे.

संगमरवर मऊ आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर त्याचा अंक ३, तर वाळूतील गारेचा ७. पुळणीवरून आलेल्या पायांबरोबर जी वाळू घरात येते ती प्रत्येक पावलागणिक फरशीला कानशीसारखी घासते. म्हणूनच जुन्या कोकणी घरांत पायरीपाशी पाण्याची घागर ठेवण्याची आणि पाय धुऊनच वर येण्याची जी शिस्त होती, ती सोवळ्याइतकीच दगडाच्या हिताची होती. दुसरा शत्रू आम्ल. लिंबू, चिंच, सोलकढी, व्हिनेगर यांपैकी काहीही सांडले की चकाकी जाते आणि मंद पांढुरका डाग राहतो. हा डाग वर चिकटलेला नसतो. तेथला दगडच विरघळलेला असतो. बाजारात ‘ऍसिड’ म्हणून जे मिळते ते ओतल्यावर फरशीवर फेस येतो आणि घरातली माणसे खूश होतात की मळ निघतो आहे. फेसाबरोबर निघते ती फरशी. आमच्याकडच्या शहाबादी फरशीचेही हेच होते, आणि दिवाळीपूर्वी घरोघरी होते.

तिसरा शत्रू सर्वांत सावकाश काम करतो, आणि म्हणून तो ओळखू येत नाही. तो म्हणजे मीठ. जांभा दगड सच्छिद्र. जमिनीतील ओल त्याच्यातून वर चढते आणि येताना क्षार आणते. मिठाचा गुण असा की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळते, आणि आर्द्रता उतरली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळाभर फरशीच्या पोटात मिठाचे पाणी असते. आश्विन उजाडला, हवा कोरडी झाली की दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत स्फटिक वाढू लागतात आणि आतून रेटा देतात. मग पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते, कोपरे उलतात, दगड साखरेसारखा कणीदार होतो. घरातली बाई ती भुकटी पुसते, पुसण्यासाठी विहिरीचे मचूळ पाणी वापरते, आणि पुढच्या वर्षीचे मीठ आजच आत सोडते. जांभ्यातील लोहामुळे उमटणारे तांबूस-पिवळे डाग ही याच ओलीची दुसरी सही.

जुन्या गवंड्यांना हे रसायनशास्त्र सांगता आले नसते, परंतु त्यांच्या बांधणीत ते होते. फरशीखाली शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा थर असे, सांधेही चुन्याचेच. चुना ओल धरतो आणि सोडतोही. ओल सांध्यांतून बाहेर पडे. मीठ झिजवी ते सांध्यातल्या चुन्याला, जो काही वर्षांनी खरडून पुन्हा भरता येई. भारतात सिमेंटचे उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले, आणि पुढे कधीतरी सांध्यांत चुन्याऐवजी पांढरा सिमेंट भरणे हे ‘पक्के काम’ ठरले. पक्के काम म्हणजे ओलीची वाट बंद करणे. मग ती दगडातूनच बाहेर पडते. आज त्यावर पारदर्शक रासायनिक लेप चढवून दगडही बंद केला जातो. त्यानंतर जे व्हायचे ते लेपाखाली होते, आणि उशिरा दिसते.

या साऱ्याला सध्या एकच उपाय सर्रास केला जातो. यंत्र आणायचे, कार्बोरंडमच्या किंवा हिऱ्याच्या चकत्यांनी फरशी एका पातळीत खरवडायची, सांधे भरायचे, ऑक्झॅलिक ऍसिडच्या भुकटीने पॉलिश मारायचे. दोन दिवसांत आरसा! सपाटी आणायची असेल तर एका खरवडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर दगड जातो. तो परत येत नाही. ओल आणि मीठ मात्र होते तेथेच राहतात.

येथे आमचा व्यवसाय आडवा येतो. संहितेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी, आणि पुढे कोणी आपली भर घालू नये असे बजावून. काम आदराचे होते. तरीही शुद्ध प्रत रूढ झाल्यावर त्याआधीची रूपे वापरातून गेली. आमच्याच बीडमध्ये मिळालेल्या जुन्या पोथीवरून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा एकनाथपूर्व भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या पोथीविषयीच्या राजवाड्यांच्या दाव्यांवर वाद झाले, पण वाद होण्यासाठी तरी काही उरलेले असावे लागते. पोथीची प्रत घेता येते, नवी शुद्ध प्रत जुनीच्या शेजारी ठेवता येते. फरशीची प्रत घेता येत नाही. तेथे शुद्ध पाठ आणि मूळ पाठ एकाच पृष्ठभागावर लिहायचे असतात, म्हणून पहिला खरवडल्यावाचून दुसरा उमटत नाही.

इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी जी संस्था काढली तिला तो स्वतः ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी, म्हणत असे. चर्चच्या भिंती खरवडून ‘मूळ’ रूपात आणण्याच्या हौसेवर त्याचा राग होता. १८७९ मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्कच्या दर्शनी भागाच्या नूतनीकरणाविरुद्धही त्याने मोहीम चालवली. व्हेनिसच्याच नावाने ओळखली जाणारी १९६४ची सनद पुढे सांगते की पुनर्स्थापना हे अपवादात्मक काम आहे आणि अनुमान जेथे सुरू होते तेथे ते थांबले पाहिजे. मॉरिस कवी होता, हे आमच्या विभागातील मंडळींना सांगावयास नको. तथापि तो श्रीमंत कवी होता, हेही विसरू नये. लग्नघर सजवायचे आहे, मुंबईचे भाऊ चार दिवसांसाठी येणार आहेत, खर्च कोणी किती करायचा याचा वाद आहे, अशा घराला ‘डाग हा इतिहास आहे’ असे सांगणे सोपे आणि काहीसे उद्धटपणाचे आहे. जीर्ण घरात राहण्याचा त्रास न सोसणाऱ्याने जीर्णतेचे सौंदर्य वर्णू नये.

म्हणूनच आम्ही सौंदर्याचा नव्हे, क्रमाचा आग्रह धरतो. आधी पाणी, मग मीठ, चकाकी सर्वांत शेवटी. पन्हळी आणि भिंतीलगतची गटारे नीट करावीत, म्हणजे पागोळ्यांचे पाणी जोत्यात मुरणार नाही. सांध्यांतील सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढून चुना भरावा. मीठ ओढण्यासाठी कागदाचा लगदा आणि चिनी माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून त्याचा बोटभर जाड लेप द्यावा. तो सुकताना दगडातील क्षार आपल्यात ओढून घेतो. लेप उचलावा, टाकावा, पुन्हा द्यावा. हे काम पावसाळ्यात करू नये, माघ-फाल्गुन उत्तम. रोजच्या निगेला गोड्या पाण्याने घट्ट पिळलेले फडके आणि सौम्य साबण पुरेसे आहेत. फुटलेला एखादा तुकडा बदलायचा तर तो तेवढाच बदलावा, आणि नवा आहे हे जवळून पाहणाऱ्यास कळू द्यावे.

आमच्यातील एका सहकाऱ्याचे आजोळ मालवणजवळ आहे. पणजोबांनी मुंबईच्या मिळकतीतून मधल्या घराला संगमरवर घातला. देवघराच्या उंबऱ्यापाशी दोन फरश्यांना वाटीसारखा खोलगटपणा होता. घरातल्या बायका तीन पिढ्या तेथे बसून निरांजन लावीत. एका लग्नाआधी ओटीची आणि मधल्या घराची फरशी यंत्राने खरवडली गेली. कारागीर चांगला होता, काम नेटके झाले. आजीने उंबऱ्यापुढे पाट ठेवून त्या दोन फरश्या तेवढ्या वाचवल्या. कारण विचारता ती ‘येथे मला बसता येते’ एवढेच म्हणाली. पुढच्या आश्विनात खरवडलेल्या भागावर पांढरी भुकटी आली, पूर्वीपेक्षा अधिक. गेल्या माघापासून घरच्यांनी लेप द्यायला सुरुवात केली आहे. तिसऱ्या लेपाचा सुकलेला लगदा जिभेला लावून पाहिला तर तो अजून खारटच लागला. चौथा होळीनंतर द्यायचा आहे. त्याआधी मागील दारची पन्हळ बदलणे आवश्यक आहे, आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे अद्याप ठरलेले नाही.