बार्बुडा : एका निवांत बेटाची जमीन

विश्रांतीसाठीं दूरच्या बेटावर जाणाऱ्या प्रवाशाला त्या बेटाचा इतिहास सहसा नको असतो. निळें पाणी, ओसाड पुळण आणि माणसांची तुरळक वस्ती एवढें मिळालें कीं तो तृप्त होतो. आणि हें सारें निसर्गानेंच आपल्याकरितां राखून ठेविलें आहे, असें त्याला वाटूं लागतें. कॅरिबियन समुद्रांतील बार्बुडा बेटाचा वृत्तान्त वाचला म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे तें ध्यानांत येतें.

अँटिग्वाच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर हें चुनखडकाचें सपाट बेट पसरलें आहे. क्षेत्रफळ सुमारें ६२ चौरस मैल; उंचांत उंच भागहि सव्वाशें फुटांच्या फारसा पुढें जात नाहीं. पश्चिमेस लांबच लांब पुळण, तिच्या आंत खाऱ्या पाण्याचें विस्तीर्ण सरोवर, त्यांत तिवरांची झाडी, आणि त्या झाडींत फ्रिगेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत. विणीच्या हंगामांत नर आपली तांबडी गळपिशवी फुग्यासारखी फुगवून बसतो. तें पाहावयास लोक होडींतून मुद्दाम जातात. कोड्रिंग्टन नांवाचें एकच गांव. बाकी माळ, झुडपें आणि वारा.

शेजारच्या अँटिग्वाची जमीन उसानें व्यापली. बार्बुडा वांचलें तें आपल्या दारिद्र्यामुळें! मातीचा थर पातळ, पाऊस बेताचा. ऊस तेथें पिकता ना. १६८५ सालीं ख्रिस्टोफर व जॉन या कोड्रिंग्टन बंधूंनीं इंग्रजी राजसत्तेकडून हें बेट खंडानें घेतलें, आणि १८७० पर्यंत तें त्या घराण्याकडे राहिलें. त्यांपैकीं ख्रिस्टोफरचा त्याच नांवाचा मुलगा १७१० सालीं वारला. त्यानें ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजाला १०,००० पौंड व आपला ग्रंथसंग्रह ठेविला, आणि तेथील ग्रंथालय शतकानुशतकें त्याच्या नांवानें ओळखलें गेलें. गुलामगिरीशीं असलेला संबंध लक्षांत घेऊन कॉलेजानें तें नांव २०२० सालीं सोडलें.

बार्बुडाकडे काम होतें तें अँटिग्वाच्या मळ्यांना गुरें, लांकूड व खाद्य पुरविण्याचें. भोंवतालच्या खडकांवर फुटलेल्या गलबतांतील माल काढणें हाहि एक किफायतीचा धंदा होता. हीं सर्व कामें गुलाम करीत. ऊस नव्हता म्हणून येथील गुलामगिरी गोड होती, असें म्हणणें अर्थातच चुकीचें होईल. विकत घेतलेला माणूस हा विकत घेतलेलाच. परंतु गोरे देखरेखे मूठभर, बेट विस्तीर्ण. त्यामुळें हे लोक स्वतःपुरती शेती करीत, मासे धरीत, शिकार करीत. आणि अँटिग्वाच्या मळ्यांवर पाठविलें जाण्यास नेटानें विरोध करीत. गुलामांची पैदास करण्यासाठींच हें बेट राखलें होतें, अशी एक दंतकथा दीर्घकाळ चालत आली. कागदपत्रें तपासणाऱ्या इतिहासकारांस तिला आधार सांपडला नाहीं.

१ ऑगस्ट १८३४ रोजीं गुलामगिरी संपली. अँटिग्वांतील माणूस मोकळा झाला, पण पायांखालीं स्वतःची जमीन नसल्यानें पुष्कळांस पुन्हां त्याच मळ्यांची मजुरी करावी लागली. बार्बुडांत सुमारें ५०० माणसें होतीं तेथेंच राहिलीं. त्यांनीं जमिनीचे तुकडे पाडले नाहींत. ज्याला जरूर त्यानें झुडपें तोडून पेरावें, कस गेला कीं तो तुकडा सोडावा. गुरें सर्वांचीं मोकळीं. आपल्या गायरानाची कल्पना साऱ्या बेटावर पसरावी, तसें हें झालें. सरकारदरबारीं मात्र जमीन राजसत्तेचीच राहिली. १९८१ सालीं अँटिग्वा व बार्बुडा हें एक स्वतंत्र राष्ट्र झालें, आणि २००७ च्या कायद्यानें बेटाची जमीन बार्बुडावासीयांची सामाईक असल्याचें अखेर मान्य केलें. जी पुळण प्रवाशाला निर्जन दिसते ती निर्जन कां राहिली, याचें उत्तर या वहिवाटींत आहे : ती विकण्याचा अधिकार कोणा एकट्यास नव्हता.

६ सप्टेंबर २०१७ रोजीं इर्मा नांवाचें चक्रीवादळ बेटावर आदळलें. बहुतेक घरें मोडलीं, एक बालक दगावलें, समुद्रानें सरोवराचा बांध फोडला. दुसऱ्या वादळाच्या भीतीनें सर्वच्या सर्व, सुमारें १,६०० रहिवासी अँटिग्वास हलविण्यांत आले. ते परततात न परततात तोंच मोठ्या विमानांसाठीं जंगल तोडून धांवपट्टीचें काम सुरू झालें, आणि जमिनीचा कायदाहि बदलण्यांत आला. सरकारचें म्हणणें असें कीं, खासगी मालकी असली म्हणजे तारणावर कर्ज मिळेल व घरें उभीं राहतील. या म्हणण्यांत तथ्यच नाहीं असें नव्हे. उघड्यावर पडलेल्या माणसाला कर्जाची वाट हवीच असते. पण जी जमीन तारण पडूं शकते ती हातची जाऊंहि शकते, हें बार्बुडाच्या लोकांनीं ओळखलें. ते न्यायालयांत गेले. २०२२ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, त्यांचा सामाईक हक्क राज्यघटनेनें रक्षिलेल्या मालमत्तेच्या हक्कांत मोडत नाहीं. २०२४ सालीं त्याच न्यायासनानें, धांवपट्टीच्या परवानगीस आव्हान देण्याचा अधिकार दोघां बार्बुडावासीयांस आहे, असाहि निर्णय दिला.

वादळानें उधळलेले फ्रिगेट पक्षी आपल्या तिवरांत परत आले. पक्ष्यांना खरेदीखत लागत नाहीं. माणसांचें तसें नाहीं. दोन शतकांची वहिवाट कागदापुढें किती टिकते, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा आहे. बार्बुडाची पुळण निवांत आहे म्हणून तिकडे धांवणाऱ्यांनीं एवढें तरी जाणावें, कीं तो निवांतपणा कोणाच्या तरी घरचा आहे, आणि त्या घरधन्यांचा दावा अजून कायम आहे.