उंटांनी चाललेला रस्ता

येत्या जानेवारीत आरव्ही भाड्याने घेऊन ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला जायचे आमच्या घरी घाटते आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. आत ओटा, पलंग, संडास सगळे असते आणि चालवायचे मात्र आपणच. क्वार्ट्झसाइट हे २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम अडीच हजार वस्तीचे वाळवंटी गाव. पण हिवाळ्यात थंड प्रदेशातले पेन्शनर लोक आपापल्या गाड्या घेऊन इथे उतरतात आणि गावाभोवतीच्या सरकारी माळरानावर एक शहरच वसते. आषाढीला चंद्रभागेचे वाळवंट फुलते ना, तसेच. फक्त इथे विठोबा नाही.

माळावर नळ नाही, वीज नाही, त्यामुळे आमची सगळी आखणी पाण्यापाशी येऊन थांबते. आम्ही बघतो आहोत त्या गाडीची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची. माणसे चार, दिवस पाच. भागाकार करा: माणशी रोज साडेसात लिटर. पिणे, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळे त्यातच! २०१६ साली रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना हे गणित समजावून सांगायला नको. बरे, वापरलेले पाणी वाटेल तिथे सोडता येत नाही. मोरीच्या पाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी, आणि दोन्ही ठरलेल्या जागीच जाऊन रिकाम्या करायच्या. सौ. म्हणाल्या, "ही सहल आहे की पाणीपुरवठा खाते?"

रस्ता ठरवताना आणखी एक पेच निघाला. आम्हाला फ्लॅगस्टाफवरून जायचे आहे. ते गाव समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंच. जानेवारीत तिथे मुक्काम केला तर गाडीतले पाण्याचे पाइप गोठायची भीती. म्हणून तिथे रात्र काढायची नाही, किंगमनवरून कोलोरॅडो नदीकडे उतरायचे, टाकी खाली पार्करला भरायची आणि मग दक्षिणेला क्वार्ट्झसाइट गाठायचे, असे ठरले.

हा फ्लॅगस्टाफ-किंगमनचा पट्टा नकाशावर बघताना इतिहासाची जुनी खाज उठली. आजचा इंटरस्टेट ४०, त्याआधीचा १९२६ चा प्रसिद्ध रूट ६६, त्याआधीची रेल्वे, हे सगळे जवळपास एकाच वाटेने जातात. ती वाट १८५७ मध्ये एडवर्ड बील नावाच्या माणसाने आखली. सोबतीला होते पंचवीस उंट! अमेरिकेच्या सैन्याचे सरकारी उंट.

झाले असे की १८४८ च्या मेक्सिको युद्धानंतर हा अफाट कोरडा मुलूख अमेरिकेच्या पदरात पडला. तिथे ठाणी वसवली तर रसद पोचवायची कशी? बैल आणि खेचरे यांना पाणी लागते. युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी उंटांचा आग्रह धरला आणि १८५५ मध्ये काँग्रेसने तीस हजार डॉलर मंजूर केले. मेजर वेन आणि लेफ्टनंट पोर्टर 'सप्लाय' नावाचे जहाज घेऊन ट्युनिस, इजिप्त, तुर्कस्तान असे फिरले. एका उंचाड्या उंटाच्या मदारीसाठी जहाजाच्या डेकला म्हणे भोक पाडावे लागले. मे १८५६ मध्ये चौतीस उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले, पुढच्या वर्षी आणखी एकेचाळीस आले.

बीलसाहेब उंटांवर बेहद्द खूष. खेचरांना प्यायचे पाणी उंटांच्या पाठीवर लादले जाई आणि उंटांना स्वतःला थेंब मिळाला नाही तरी त्यांची तक्रार नसे. माझ्या दृष्टीने हीच आजची १५० लिटरची टाकी. ऑक्टोबर १८५७ मध्ये कोलोरॅडो नदी ओलांडताना दोन घोडे आणि दहा खेचरे बुडाली. उंट मात्र सगळे पोहून पार झाले.

एवढे असून प्रयोग बुडाला तो उंटांच्या दोषाने नव्हे. डेव्हिसांच्या नंतरच्या मंत्र्याने १८५८ मध्ये आणखी एक हजार उंट मागितले, पण काँग्रेसने ऐकले नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि डेव्हिस बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले. मग त्यांच्या लाडक्या उंटांना वॉशिंग्टनमध्ये वाली कोण? खेचरे हाकणाऱ्या सैनिकांना तो उग्र वासाचा प्राणी आधीपासूनच नकोसा होता. कॅलिफोर्नियातल्या उंटांचा १८६४ मध्ये लिलाव झाला, टेक्सासमधलेही पुढे विकले गेले. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्याकडे पुष्कळ. इथे शेळ्यांचे ठीक होते, उंटच विकून टाकले.

प्रोजेक्ट बंद झाला की माणसांचे काय होते, हे आम्हा परदेशस्थ इंजिनियर मंडळींना चांगले ठाऊक आहे. उंट हाताळायला तुर्की साम्राज्यातून आणलेल्या माणसांपैकी काही इथेच राहिली. त्यांतला एक हाजी अली. मुंबईकराला हे नाव उच्चारायला काही अडचण नाही, पण इथल्या सैनिकांना ते जमेना, म्हणून तो झाला 'हाय जॉली'. (माझ्या आडनावाचे इथल्या बँकेत जे होते त्यापेक्षा हे बरेच!) उंटांचे काम गेल्यावर त्याने सैन्यासाठी खेचरांचे तांडे नेले, वाटाड्या म्हणून काम केले, सोने शोधले. १८८० मध्ये टूसॉनला तो अमेरिकेचा नागरिक झाला, तेव्हा कागदावर नाव लागले फिलिप टेड्रो. त्याच वर्षी त्याने गर्ट्रुडिस सेर्ना या बाईशी लग्न केले. म्हणजे एका आयुष्यात तीन नावे, आणि त्यातले एक अमेरिकनांच्या जिभेने दिलेले.

शेवटची वर्षे त्याने काढली ती क्वार्ट्झसाइटलाच. डिसेंबर १९०२ मध्ये तो तिथेच वारला. गावच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि टोकावर धातूचा उंट. हे स्मारक १९३५ मध्ये बांधले कोणी, तर ॲरिझोनाच्या हायवे खात्याने.