सायकलस्वाराचा वेष आणि मोटारचालक
सायकलस्वाराचे रूप पाहून मोटारचालक कमीअधिक अंतर राखतो काय, या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास अल्प असला तरी उद्बोधक आहे. बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी २००६ साली इंग्लंडात स्वतः सायकल चालवून मोजमापे घेतली. लांब केसांचा टोप घातला असता, म्हणजे पाठमोरी स्त्री भासली असता, मोटारी सुमारे १४ सेंटिमीटर अधिक दूर राहिल्या. शिरस्त्राणामुळे त्या जवळ येतात, हा निष्कर्ष मात्र पुढे विवाद्य ठरला. २०१४ च्या निबंधात सात पोशाख तपासले गेले. नवशिका व शर्यतपटू यांत चालकांनी भेद केला नाही. पोलिसांचा व चित्रणाचा उल्लेख असलेले जाकीट तेवढे किंचित परिणामकारक ठरले. भडक कपड्यांचा उपदेश सायकलस्वारासच करणे म्हणूनच अपुरे वाटते. वेष कोणताही असो, १ ते २ टक्के चालक ५० सेंटिमीटरांच्या आतूनच गेले.