डोंबारी आणि रोम

मराठीला ‘जिप्सी’ हा शब्द मोठा लाडका. मंगेश पाडगावकरांच्या एका कवितासंग्रहाचं ते नाव, मारुतीच्या एका गाडीचंही. कुणाच्या पायाला भिंगरी असली, की आपण कौतुकानं म्हणतो, जिप्सीच आहे! ‘डोंबारी’चं नशीब मात्र वेगळं. पालघर-बोईसरच्या बाजारात ढोलकं वाजवत कुणी दोर बांधला, की आपण घटकाभर थांबतो, नाणं टाकतो. घरी मुलांनी गोंधळ घातला, की ओरडतो, ‘काय डोंबाऱ्याचा खेळ मांडलाय!’

गंमत अशी, की ‘जिप्सी’ हे नाव गैरसमजातून पडलेलं. ही भटकी माणसं पश्चिम युरोपात पोचली, तेव्हा तिथल्या लोकांना ती इजिप्तची वाटली. ‘इजिप्शियन’चं झालं ‘जिप्सी’. ती स्वतःला म्हणवतात ‘रोम’. त्यांच्या बोलीत रोम म्हणजे माणूस, नवरा. बहुतेक भाषाअभ्यासक हा शब्द संस्कृतातल्या ‘डोम्ब’शी जोडतात. डोम्ब म्हणजे गाण्याबजावण्यावर जगणारा. युरोपात ‘ड’चा ‘र’ झाला, आर्मेनियात ‘लोम’ झाला, सीरियाकडे ‘डोम’च राहिला. आपला डोंबारी याच शब्दकुळातला. शब्दाचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे, हे खरं. पण त्यांच्या बोलीत आजही कानाला ‘कान’, पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात.

दुसऱ्यानं दिलेलं नाव किती महाग पडतं, हे त्यांना ठाऊक आहे. जर्मन लोक त्यांना ‘त्सिगॉयनर’ म्हणत. त्या शब्दाचं पहिलं अक्षर नाझींनी आउश्वित्झच्या छावणीत त्यांच्या हातावर गोंदलं. हिटलरच्या काळात त्यांच्यातले लाखो मारले गेले. १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिथं त्यांनी जगाला सांगितलं, आम्हाला आमच्याच नावानं ओळखा. त्यांच्या झेंड्यावरचं चाक पाहिलं, की आपलं अशोकचक्र आठवतं.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, त्या ‘विमुक्त’ झाल्या. लोकांच्या जिभेवरचा शिक्का मात्र पुरता पुसला नाही.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव ऐकून डहाणू लोकलमधला शेजारी म्हणतो, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ त्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी त्या कौतुकानं मी माझ्याच भाषेत पाहुणा होतो. डोंबाऱ्याच्या वाट्याला तर कौतुकही येत नाही.

जीव मुठीत धरून, तोल सांभाळत दोरावर चालणं, याला आपण गोंधळ कसं म्हणतो? मुलांवर ओरडायला दुसरा शब्द शोधूया. मराठीत शब्दांची वानवा नाही.