पॉलिमायल्जिया: चार दिवसांचा उतार आणि पुढची दोन वर्षे

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठता येईनासे झाले, सदरा घालताना हात डोक्यावर जाईनासे झाले, केस विंचरणे किंवा अंघोळीचा तांब्या उचलणेही जड जाऊ लागले, की घरात 'आता वय झाले' असे म्हणून विषय संपविला जातो. बहुतेक वेळा त्यामागे सांध्यांची झीज असते. मात्र काही रुग्णांमध्ये या दुखण्याचे कारण वय नसून 'पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका' नावाचा दाहजन्य विकार असतो. स्टेरॉइडच्या माफक मात्रेने त्याला अवघ्या काही दिवसांत उतार पडतो, हे या आजाराचे वैशिष्ट्य आहे. हा झटपट उतार निदानाला बळकटी देतो, पण त्यातून दोन गैरसमजही जन्माला येतात. एक, उतार पडला म्हणजे निदान पक्के झाले. आणि दुसरा, उतार पडला म्हणजे आजार गेला. दोन्ही समज रुग्णाला महागात पडू शकतात.

आजाराचे स्वरूप

स्कॉटलंडमधील डॉ. विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्ये वृद्धांमधील एक प्रकारचा संधिवात म्हणून या विकाराचे वर्णन केले. त्याला आजचे नाव मिळाले ते १९५७ मध्ये, ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट बार्बर यांच्या लेखामुळे. 'पॉलिमायल्जिया' या शब्दाचा अर्थ अनेक स्नायूंचे दुखणे असा होतो. प्रत्यक्षात स्नायू निरोगी असतात. दाह असतो तो खांदे व खुब्यांच्या सांध्यांच्या अस्तरात आणि सांध्यांभोवती असणाऱ्या द्रवाच्या लहान पिशव्यांमध्ये. त्यामुळेच स्नायूंची हानी दाखविणारी 'सीपीके' ही रक्तचाचणी या आजारात सामान्य येते.

हा आजार पन्नाशीच्या आत सहसा होत नाही. सत्तर ते ऐंशी या वयोगटात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. उत्तर युरोपीय, विशेषतः स्कँडिनेव्हियन वंशाच्या लोकांत तो जास्त दिसतो. भारतीयांत तो त्या मानाने कमी आढळतो. म्हणूनच येथे तो चटकन लक्षात येत नाही.

दोन्ही खांदे, मान, कंबर आणि मांड्यांचा वरचा भाग दुखणे, तसेच सकाळी उठल्यावर पाऊण तासाहून अधिक काळ अंग आखडलेले राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे. रात्री कूस बदलतानाही वेदना होतात. जोडीला थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे आणि वजन घटणे हेही दिसू शकते. रक्तातील 'ईएसआर' आणि 'सीआरपी' हे दाहाचे निदर्शक बहुधा वाढलेले असतात.

उतार इतका लवकर का पडतो?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला प्रथमच कॉर्टिझोन दिले. अंथरुणाला खिळलेला रुग्ण काही दिवसांत चालू लागल्याने वैद्यकविश्व थक्क झाले. या संशोधनासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच कुळातील प्रेडनिसोलोन ही गोळी उपलब्ध झाली आणि पॉलिमायल्जियाच्या उपचारात आजही तीच मुख्य आहे.

या आजारात 'इंटरल्यूकिन-६' नावाचे प्रथिन रक्तात वाढते. दाहाचा संदेश शरीरभर पोहोचविण्याचे काम ते करते. स्टेरॉइड पेशींमध्ये शिरून अशा संदेशवाहक प्रथिनांची निर्मितीच रोखते. संदेश थांबला की सूज ओसरते आणि आखडलेपणा सुटू लागतो. झिजलेली कूर्चा औषधाने परत येत नाही. पण येथे झीज नसून दाह असल्याने सुधारणा लवकर जाणवते.

पहिले चार आठवडे

उपचारांची सुरुवात सामान्यतः रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने होते. युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार सुरुवातीची मात्रा १२.५ ते २५ मिलिग्रॅम या दरम्यान असावी आणि ती ३० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करण्यासही त्यांनी प्रतिकूल मत दिले आहे. गोळी सकाळी, काही खाल्ल्यानंतर एकदाच घ्यायची असते.

अनेक रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फरक जाणवतो. ब्रिटनमधील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी एक ढोबळ माप आहे: आठवडाभरात रुग्णाला स्वतःला किमान ७० टक्के बरे वाटले पाहिजे आणि चार आठवड्यांत ईएसआर व सीआरपी सामान्य पातळीवर आले पाहिजेत.

तथापि, सर्वांनाच असा लाभ होतो असे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात रोज १५ मिलिग्रॅम मात्रेने सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी चार आठवड्यांनंतर पूर्ण प्रतिसाद दिसला तो सुमारे ७१ टक्के रुग्णांत. म्हणजे दर दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांना उतार अपुरा किंवा उशिरा पडू शकतो. 'चार दिवसांत बरे वाटले नाही, म्हणजे औषध वाया गेले' असा निष्कर्ष घाईने काढू नये, तसेच 'बघू आणखी दोन महिने' असे म्हणत थांबूही नये.

प्रतिसाद मोजण्याचा साधा उपाय म्हणजे रोजनिशी. सकाळी किती मिनिटे अंग आखडलेले होते, हात कुठवर वर गेला, खुर्चीवरून आधाराशिवाय उठता आले का, रात्री झोप लागली का, या चार नोंदी औषध सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून ठेवाव्यात. 'जरा बरे आहे' या मोघम उत्तरापेक्षा 'दोन तासांचा आखडलेपणा वीस मिनिटांवर आला' ही माहिती डॉक्टरांना कितीतरी अधिक उपयोगी पडते.

उतार पडला नाही तर?

दोन आठवड्यांत पुरेशी सुधारणा झाली नाही, तर डॉक्टर मात्रा २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवू शकतात. त्यानंतरही फरक न पडल्यास निदानाचा फेरविचार आवश्यक ठरतो. उतारवयात सुरू होणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, खांद्याचा स्नायुबंध फाटणे, 'फ्रोझन शोल्डर', थायरॉइडची कमतरता, 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावामुळे हाडे मऊ होणे, कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधांमुळे होणारी स्नायुदुखी, पार्किन्सनचा आजार, जंतुसंसर्ग आणि कर्करोग अशी मोठी यादी येथे तपासावी लागते. रुग्ण गोळी नियमित घेत होता का, हा साधा प्रश्नही विसरता कामा नये.

उतार म्हणजे पुरावा नव्हे

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. स्टेरॉइडने बरे वाटते ते केवळ पॉलिमायल्जियाच्या रुग्णालाच नव्हे. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताला त्याने उतार पडतो, बर्सायटिसला पडतो, काही रक्ताच्या कर्करोगांतही तात्पुरते बरे वाटते. २०१२ मध्ये या आजाराचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे निकष ठरविण्यात आले. वय पन्नास किंवा अधिक, दोन्ही खांद्यांत दुखणे आणि वाढलेला ईएसआर अथवा सीआरपी या पायाभूत अटींवर ते बेतलेले असून स्टेरॉइडला मिळणाऱ्या प्रतिसादाला त्यात स्थान दिलेले नाही.

'आधी गोळी देऊन पाहू, उतार पडला तर तोच आजार' हा मार्ग म्हणूनच टाळायला हवा. पहिल्या गोळीआधी रक्तगणना, ईएसआर, सीआरपी, साखर, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, कॅल्शियम, सीपीके, थायरॉइड, ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या चाचण्या, मायलोमा या कर्करोगासाठी प्रथिनांची तपासणी आणि छातीचा एक्स-रे या बाबी उरकून घेणे हिताचे असते. भारतात एक्स-रेला वेगळे महत्त्व आहे. बारीक ताप, वजन घटणे आणि वाढलेला ईएसआर ही चित्रे क्षयरोगातही दिसतात. शिवाय दबून राहिलेला क्षयरोग स्टेरॉइडमुळे उफाळून येऊ शकतो.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या बेनाम पुड्यांबाबतही येथे सावध राहिले पाहिजे. अशा काही 'जडीबुटी'च्या औषधांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे. पुडीने जादूसारखा गुण आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण आधीच पोटात गेलेल्या स्टेरॉइडमुळे चाचण्यांचे निकाल फसवे येतात.

डोळ्यांवरचे संकट

पॉलिमायल्जियाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये 'जायंट सेल आर्टेरायटिस' हा धमन्यांचा दाहही आढळतो. कानशिलाजवळ नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखणे, घास चावताना जबडा भरून येणे, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे ही त्याची चिन्हे आहेत. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. यासाठी प्रेडनिसोलोनची मात्रा ४० ते ६० मिलिग्रॅम इतकी लागते. पॉलिमायल्जियासाठी घेतल्या जाणाऱ्या १५ मिलिग्रॅमने खांदे मोकळे होतात, पण डोळ्यांचे रक्षण होईलच याची हमी नसते. त्यामुळे अंगदुखी पूर्ण थांबलेली असली, तरी वरीलपैकी एखादे लक्षण दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उतारानंतरची वाटचाल

पहिला उतार म्हणजे उपचारांचा शेवट नसून प्रारंभ असतो. चार ते आठ आठवड्यांत मात्रा १० मिलिग्रॅमपर्यंत आणून पुढे साधारणतः दर चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅम या गतीने ती कमी केली जाते. संपूर्ण उपचार बहुधा एक ते दोन वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक काळ चालतात. मात्रा कमी होत असताना दुखणे उलटणे ही नेहमीची बाब आहे. अशा वेळी ज्या मात्रेवर आराम होता, तिथे परत जाऊन उतरण अधिक सावकाश करावी लागते. दुखणे वारंवार उलटल्यास मेथोट्रेक्सेटची जोड दिली जाते. स्टेरॉइड पुरेसे लागू न पडणाऱ्या किंवा कमी करता न येणाऱ्या रुग्णांसाठी इंटरल्यूकिन-६ चे कार्य रोखणाऱ्या सॅरिल्यूमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद करणे घातक ठरते. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडांवर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे काम मंदावतात. अचानक औषध थांबल्यास रक्तदाब घसरणे, उलट्या, कमालीचा अशक्तपणा असा गंभीर प्रसंग ओढवू शकतो. प्रवासाला जाताना पुरेशा गोळ्या सोबत ठेवणे, तसेच शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण असल्यास आपण स्टेरॉइड घेतो हे आधी सांगणे आवश्यक आहे.

मधुमेहींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी घेतलेल्या गोळीमुळे साखर प्रामुख्याने दुपारनंतर वाढते. केवळ उपाशीपोटी केलेली चाचणी ठीक आली, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जेवणानंतरची साखरही तपासावी. हाडांची घनता, रक्तदाब, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांवर लक्ष ठेवणे, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व घेणे आणि झेपेल तेवढा व्यायाम करणे हाही उपचारांचाच भाग आहे.

स्टेरॉइडच्या धास्तीने गोळी नाकारणारे आणि एका आठवड्याच्या आरामावर भाळून डॉक्टरांकडे फिरकणे सोडणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. दोघांचेही नुकसान होते. निदानाच्या चाचण्या आधी, मात्रा नेमकी, नोंदी रोजच्या आणि उतरण सावकाश, एवढे पथ्य पाळले तर बहुतेक रुग्णांना या आजारातून बाहेर पडून आपले दैनंदिन व्यवहार पूर्ववत करता येतात.