मुकादम आणि भाई : वरदराजन मुदलियाराच्या उदयास्ताचा विचार

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या बोलीत 'कोयता' या शब्दाने नुसते हत्यार नव्हे, तर पतिपत्नींचे जोडपे सूचित होते. आणि असे कोयते जमवून कारखान्यावर नेणारा तो मुकादम. कारखान्याची रक्कम मजुरांस 'उचल' म्हणून द्यावयाची, मुलुखापासून दूर त्यांच्या आजारपणाची व तंट्याबखेड्यांची तड लावावयाची, आणि या मध्यस्थीचे मोल कमिशनच्या रूपाने घ्यावयाचे, हे त्याचे काम. मुकादम हा गुन्हेगार नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तथापि परमुलखातील माणसास कचेरीपेक्षा ओळखीचा मनुष्य जवळचा का वाटतो, हे ज्याने मुकादमाच्या दारात पाहिले आहे, त्यास मुंबईच्या वरदराजन मुदलियाराची हकिकत समजण्यास अडचण पडू नये.

वरदराजनचा जन्म 1926 साली तत्कालीन मद्रास इलाख्यात झाला. तो मुंबईस आला व बोरीबंदर स्थानकावर हमाली करू लागला. स्थानकालगतच्या बिस्मिल्ला शाह बाबांच्या दर्ग्यापाशी गोरगरिबांस जेवण घालण्याचा त्याचा परिपाठ होता, असे त्याच्याविषयी सांगतात. गोदीतील मालाची चोरी, तस्करी आणि खंडणी यांत पुढे त्याचे हात गुंतले, परंतु त्याच्या सत्तेचा पाया घातला तो दारूने, किंबहुना दारूबंदीने.

मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा 1949 साली झाला. सुखवस्तू माणसास प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळविता येई. गिरणीकामगारास व हमालास तो मार्ग व्यवहारतः बंदच होता. मागणी मात्र होती तशीच राहिली. धारावी, सायन-कोळीवाडा, अँटॉप हिल या खाडीलगतच्या दलदलीच्या भागांत गूळ व नवसागर यांच्या हातभट्ट्या पेटल्या, आणि तेथे वसलेल्या तमिळभाषक कष्टकऱ्यांत वरदराजनला माणसे व बाजारपेठ दोन्ही एकाच ठिकाणी लाभली. येथे बीडची तुलना उद्बोधक ठरते. हा जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि तेथे आबकारी हे सरकारी उत्पन्नाच्या प्रमुख साधनांपैकी एक होते. एका राज्यात ज्या पेयाचा मक्ता सरकारच देई, त्याच पेयाने शेजारच्या राज्यात 'भाई' निर्माण केले. कायदा करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याची बजावणी ज्या शिपायाच्या हाती होती, त्याला हप्ता बांधून देणे भट्टीवाल्यास अवघड नव्हते.

'हप्ता' हा शब्द फारसी. 'हफ्त' म्हणजे सात, त्यावरून आठवडा, आणि आठवड्याच्या देण्यावरून लाच वा खंडणी. या व्यवसायाची बाकीची परिभाषा मात्र घरातली आहे. दादा, भाई, अण्णा ही सारी वडील भावाची नावे होत. हाताखालच्या माणसाने ज्याचे ऐकावयाचे, तो येथे मालक न म्हणवता भाऊ म्हणवितो. मूळचा तमिळ असलेला वरदराजनही मुंबईत 'वरदाभाई' झाला. त्याचे 'मुदलियार' हे उपपद तमिळ 'मुदल' या शब्दावरून आले आहे. त्या शब्दाचा अर्थ 'पहिला' तसाच 'भांडवल'. आपल्या सावकारी व्यवहारातील 'मुद्दल' हा त्याचाच सजातीय मानला जातो.

वस्तीतील लोक त्याच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत व तो निवाडा देई. तो त्वरित मिळे, त्यास वकील लागत नसे, आणि तो आपल्या भाषेत मिळे. ज्या झोपडीस पत्ताच नाही, तिच्या मालकास दिवाणी न्यायालयाचा उपयोग तो काय? माटुंगा स्थानकाबाहेरील त्याचा गणेशोत्सव तर शहरभर गाजला. पण या औदार्याचा खर्च कोण सोशीत होते, हेही पाहावयास हवे. ज्या मजुराच्या घरी वरदाभाईकडून मदत जाई, त्याच मजुराची मजुरी अड्ड्यावर रिकामी होई. निवाड्यामागे दंडुका असे, आणि त्यावर अपील नसे. त्याला गरिबांचा कैवारी ठरविणारे वर्णन अड्ड्यावरील पुरुषांच्या तोंडचे आहे. त्यांच्या बायकांची साक्ष कोणी नोंदविलेली नाही.

1960 च्या दशकात दारूबंदी सैल होऊ लागली, तशी हातभट्टीची मक्तेदारीही ढिली पडत गेली. हाजी मस्तान व करीम लाला या दोन समकालीनांसह त्याचे नाव घेतले जाई; परंतु 1980 नंतर नव्या, अधिक हिंसक टोळ्यांपुढे ही पिढी मागे सरली. त्या दशकाच्या मध्यास पोलीस अधिकारी य. चं. पवार यांनी त्याचे अड्डे उठविण्याची मोहीम नेटाने चालविली, आणि वरदराजनने मद्रासचा आश्रय घेतला. त्याच्या चरित्रावर बेतलेला मणिरत्नम यांचा 'नायकन' हा तमिळ चित्रपट 1987 साली प्रदर्शित झाला. त्यातील नायक न्यायालयाबाहेर गोळीस बळी पडतो. मूळ पुरुषास असे नाट्यमय मरण आले नाही. जानेवारी 1988 मध्ये मद्रास येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला. मस्तानने खास विमानाने त्याचा देह मुंबईस आणविला असे सांगितले जाते. अंत्यसंस्कार झाले ते ज्या शहरातून त्याला बाहेर पडावे लागले होते, त्याच शहरात.